वसईचा वायू

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्या मंडळींच्या ओठांवर काशी-रामेश्वर, गिरनार-द्वारका, फार झाले तर काश्मीर-सिमला एवढीच नावे येतात. आम्ही बडोद्याहून हजिऱ्याला निघालो आहोत असे समजल्यावर शेजारच्या काकूंनी "तेथे कोणते हो देवस्थान?" म्हणून विचारले. देवस्थान नाही, परंतु बडोद्यातील घराघरांत ओट्यावर जी निळी ज्योत जळते, तिचे मूळ शोधू गेले तर वाट हजिऱ्याकडे जाते. गंगाजलाचा गडू देवघरात ठेवणाऱ्याला गंगोत्रीची ओढ असते. मग ज्या अग्नीवर आपले अन्न रोज शिजते त्याचे कुळगोत्र एकदा डोळ्यांनी पाहून यावे, असे आम्हा चौघा निवृत्त मंडळींना वाटले तर त्यात नवल ते काय?

बडोदेकरांना या विषयाचे अगत्य असण्यास आणखी एक कारण आहे. इतर शहरांतील गृहिणी सिलिंडरसाठी नंबर लावून आठवडेच्या आठवडे वाट पाहत होत्या, त्या काळात, म्हणजे १९७२ साली, आमच्या महानगरपालिकेने नळाने नैसर्गिक वायू देण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या काही भागांत त्याही पूर्वीपासून नळाचा गॅस होता खरा. पण तो कोळशापासून तयार केलेला. जमिनीच्या पोटातून निघालेला वायू थेट चुलीपर्यंत आणण्याचा मान मात्र बडोद्याने फार लवकर मिळविला. आज ही व्यवस्था पालिका आणि 'गेल' यांनी मिळून २०१३ साली स्थापन केलेल्या वडोदरा गॅस कंपनीकडे आहे. सवयीची गोष्ट माणसाला दिसेनाशी होते. नळ फिरविला, ठिणगी पडली, दूध तापले; त्यामागे केवढा खटाटोप उभा आहे याचा विचार कोणी करीत नाही.

सकाळी लवकर निघालो. भरूचला नर्मदा ओलांडताना १८८१ सालचा जुना लोखंडी पूल दूर दिसला. पूल संपला की अंकलेश्वर. आज हे नाव रासायनिक कारखान्यांमुळे सर्वतोमुखी आहे. पण आमच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व निराळे. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली स्थापन झाला. १९५८ मध्ये खंभातजवळील लुणेज येथे तेलाचा व वायूचा माग लागला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरची पहिली विहीर वाहू लागली. पंडित नेहरूंनी तिचे नाव 'वसुधारा' ठेवले. नाव किती नेमके! वसु म्हणजे धन, आणि वसुधा म्हणजे धरित्री.

पण या धनाची एक खोड होती. जमिनीतून तेल निघाले की त्याच्याबरोबर वायूही निघतो. तेल टाकीत भरून ठेवता येते. वायूचे काय करावे? घेणारा नसला की त्याला विहिरीजवळच पेटवून द्यावे लागे. अशा मशाली रात्रभर जळत. मग हळूहळू नळ टाकले गेले. अंकलेश्वरचा वायू सुरतेजवळच्या उत्राणला वीजकेंद्रात जाऊ लागला, खंभातचा धुवारणला, आणि अंकलेश्वरहूनच एक फाटा बडोद्याच्या कारखान्यांपर्यंत आला. पुढे बडोद्यातील चुलींना वायू मिळाला, तो या व्यवस्थेतूनच. जो वायू एरवी आकाशात जळून जावयाचा, त्यावर आमच्या आजीने पुरणपोळ्या भाजल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सुरत मागे टाकून तापीच्या उत्तर काठाने समुद्राकडे वळलो. वाटेत कवास लागते. तेथील वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, पण तेथे परतताना थांबायचे ठरले होते. इच्छापोर, मोरा अशी गावे मागे पडत गेली आणि हवेला खारा वास येऊ लागला. एकेकाळी कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे हे टोक आज कारखान्यांनी भरून गेले आहे: खताचा कारखाना, पोलाद, बंदर, आणि २०२० पासून घोघ्याला जाणारी रो-रो बोटही. जवळच सुवाळीचा किनारा आहे. इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव परिचित असेल. १६१२ साली याच सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या ताफ्याला हटविले आणि सुरतेत त्यांचे पाय रोवले गेले.

त्या काळी पोर्तुगीजांचे उत्तरेकडील मुख्य ठाणे होते वसई. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईवर भगवा लावला, ती कथा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इंग्रजांच्या जिभेवर वसईचे 'बॅसीन' झाले. आणि गंमत अशी की, मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ साली सापडल्यावर दोनच वर्षांनी, म्हणजे १९७६ मध्ये, वसईच्या पश्चिमेस समुद्राच्या तळाखाली वायूचे जे प्रचंड भांडार सापडले त्याला नाव पडले 'बॅसीन'. मुंबई हायचे तेल आणि वायू उरणला किनाऱ्यावर आले. बॅसीनच्या वायूसाठी मात्र दोनशे किलोमीटरांहून लांब नळ समुद्रतळातून हजिऱ्यापर्यंत टाकला गेला. वसईचा वायू गुजरातेत आला तो असा. तेव्हा आम्ही चार बडोदेकर मराठी माणसे हजिऱ्याच्या फाटकापाशी उभी राहिलो ती अगदीच परक्या दारात नव्हे.

फाटकावर आमची झडती झाली. काडेपेटी, मोबाइल फोन, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून घेण्यात आली. डोक्यावर शिरस्त्राण चढविले. परवानगीची खटपट आमच्यापैकी एकाच्या भाच्याने आधीच केली होती. आम्हाला हिंडवून दाखविण्यासाठी जे गृहस्थ आले ते निघाले जळगावकडचे. सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशी मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यांपैकीच त्यांचे घर. मराठी ऐकताच त्यांचा चेहरा फुलला.

"काका, आधी तिकडे वर बघा," ते म्हणाले. एका उंच खांबावर तांबडी-पांढरी कापडी नळी वाऱ्याने फुगून हलत होती. "भोंगा वाजला तर पळायचं, पण कुठं पळायचं हे ती सांगते. वारा येतो त्या बाजूला जायचं. वाऱ्याबरोबर पळाला तो सापडला."

कोणाच्या तावडीत सापडायचे? तर गंधकाच्या विषाच्या. वसईचा वायू निघतो तेव्हा त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू मिसळलेला असतो. प्रमाण अल्प, पण घात मोठा. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याची दुर्गंधी येते. जास्त झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे वास येईनासा झाला की संकट टळले असे माणसाला वाटते, आणि खरे संकट तेव्हाच दारात आलेले असते. अशा वायूला या व्यवसायात 'आंबट' म्हणतात आणि विष काढल्यावर तो 'गोड' झाला असे म्हणतात. स्वयंपाकघरातले शब्द येथे असे भेटतील याची आम्हाला कल्पना नव्हती.

गोड करण्याची रीत मोठी युक्तीची आहे. उंच, रुपेरी मनोऱ्यात खालून वायू वर चढतो आणि वरून अमाइन नावाचे एक द्रावण झिरपत खाली येते. दोघांची गाठ पडते तेव्हा द्रावण विष आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते; वायू स्वच्छ होऊन वरून बाहेर पडतो. विषाने भरलेले द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात तापविले की ते विष सोडून देते आणि पुन्हा पहिल्याच कामाला लागते. रंगाऱ्याने एकच बादली दिवसभर वापरावी तसे हे फिरते द्रावण. निघालेल्या विषापासून गंधक वेगळा केला जातो. एरवी ज्याने माणूस मेला असता, त्याचीच पिवळी भुकटी होते.

यानंतर वायूतील पाणी काढतात. आम्ही विचारले, थोड्या ओलाव्याने काय बिघडते? त्यावर उत्तर मिळाले की दाबाखाली पाणी आणि मिथेन यांचा बर्फासारखा घट्ट खडा बनतो, तोही शून्य अंशाच्या वरच, आणि तो नळाला बूच बसावे तसा बसतो. म्हणून ग्लायकॉल नावाच्या द्रवाने ओलावा टिपून घेतात. मग वायू थंड करून त्यातील जड अंश खाली उतरवितात. त्यातूनच नाफ्था, केरोसीन आणि सिलिंडरमधला गॅस मिळतो. दुधातून साय, सायीतून लोणी, लोण्यातून तूप काढावे त्यातलाच हा प्रकार. चार कोटी घनमीटरांहून अधिक वायू दर दिवशी हाताळण्याची या प्रकल्पाची क्षमता आहे. आंबट वायू गोड करणारा एवढा मोठा प्रकल्प देशात दुसरा नाही.

सर्वांत गमतीची गोष्ट शेवटी कळली. शुद्ध झालेल्या वायूला कसलाही वास नसतो. घरात गळती झाली तर कोणाला कळणारही नाही. म्हणून शहरात देण्यापूर्वी त्यात मर्केप्टन नावाचे द्रव्य थेंबाथेंबाने मिसळतात. हे द्रव्यसुद्धा गंधकाचेच! म्हणजे इतक्या कष्टाने गंधकाची घाण काढायची आणि मग गंधकाचाच दुर्गंध मोजून मापून परत घालायचा. पहिल्या गंधकाने जीव जातो, दुसऱ्याने जीव वाचतो. आपल्या स्वयंपाकघरात क्वचित नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे पहारेकऱ्याची हाक आहे, हे आमच्या घरच्या मंडळींना आता नीट समजावून सांगता येईल.

आम्ही मग तो प्रश्न विचारला जो कोणाही गृहस्थाच्या मनात येईल: "एवढा वायू साठवता कोठे?" शेतकऱ्याच्या घरी कणगी असते, आपल्या आजीच्या घरी उतरंड असे. आमची कल्पना अशी की येथे डोंगराएवढ्या टाक्या असतील.

जळगावचे ते गृहस्थ हसले. "साठवत नाही, काका. आला तसा गेला."

या उत्तराने आम्ही थबकलोच. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोड्याशा दाबाने त्यांचे पाणी होते, म्हणून ते बाटल्यांत भरून घरोघर नेता येतात. नळाने येणारा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला उणे ८२ अंशांहून अधिक थंड केल्याशिवाय कितीही दाबा, तो द्रव होत नाही. मोटारीत भरतात तो सी.एन.जी. हवेच्या दोनशे पटींहून अधिक दाबाखाली कोंबलेला असतो, तरी वायूच राहतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला तर मात्र त्याचे आकारमान सहाशे पटींनी घटते. परदेशांतून जहाजाने येणारा वायू असा गोठवून आणतात आणि भरूच जिल्ह्यातील दहेज येथे २००४ पासून, तसेच खुद्द हजिऱ्याच्या बंदरात २००५ पासून तो उतरवून घेतला जातो. तेथे त्याच्या टाक्या आहेत. पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या; वर्षाची बेगमी करण्याच्या नव्हेत. काही देशांत रिकाम्या झालेल्या जुन्या वायुक्षेत्रांत उन्हाळ्यात वायू भरून ठेवतात आणि हिवाळ्यात काढतात. आपल्याकडे नैसर्गिक वायूची अशी भूमिगत कोठारे अद्याप उभी राहिलेली नाहीत. आपली कणगी एकच: नळ. रात्री मागणी कमी असली की नळातला दाब थोडा वाढू द्यावयाचा, सकाळी चुली पेटल्या की तो उतरू द्यावयाचा. काही तासांची शिदोरी, त्यापलीकडे काही नाही.

याचा अर्थ असा की समुद्रातील विहीर आणि आपला ओटा यांच्यामध्ये कोठेही स्वस्थता नाही. इकडे जळेल तेवढेच तिकडून निघाले पाहिजे. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि हजिरा-कवासचा हा सारा टापू पाण्यात गेला. प्रकल्प थांबवावे लागले तेव्हा दूरदूरच्या वायू वापरणाऱ्यांना त्याची झळ पोहोचली. त्याच्या आदल्या वर्षी, २७ जुलै २००५ रोजी, मुंबई २६ तारखेच्या पावसातून सावरत असतानाच, मुंबई हायवरील एका फलाटाला जहाज धडकून आग लागली आणि २२ जण प्राणांस मुकले. त्या महापुराच्या बातम्यांत ही बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. पण समुद्रातल्या फलाटांवर आठवड्यांमागून आठवडे काढणारी माणसे असतात म्हणून आपल्या चुलीला सुट्टी मिळत नाही, हे विसरता कामा नये.

हजिऱ्याहून निघणारा मुख्य नळ कोठे जातो हे नकाशावर पाहिले आणि आम्ही चौघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो. 'गेल' ही कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि १९८७-८८ च्या सुमारास हजिरा-विजयपूर-जगदीशपूर हा सुमारे १,७५० किलोमीटरांचा नळ वाहू लागला. हजिऱ्याहून तो बडोद्याजवळच्या वाघोडियाला येतो. तेथून झाबुआमार्गे माळव्याची कड धरून गुना जिल्ह्यातील विजयपूरला. आणि पुढे यमुनेपार उत्तर प्रदेशात. गायकवाडांचे बडोदे, होळकरांचा माळवा, शिंद्यांचा ग्वाल्हेर प्रांत! आपले पूर्वज घोड्यांवरून ज्या वाटेने उत्तरेस गेले, जवळजवळ तीच वाट वसईच्या वायूने धरली आहे. वेगही फारसा निराळा नाही: नळातला वायू साधारणतः सायकल किंवा फार तर मोपेडच्या गतीने पुढे सरकतो आणि दर काही अंतरावर यंत्रांनी त्याला दाब देऊन पुढे ढकलावे लागते.

वाट दारावरून गेली म्हणजे दारात काही पडतेच असे नाही. त्या नळावर विजयपूरचा खतकारखाना उभा राहिला, राजस्थानात अंता, उत्तर प्रदेशात औरैया आणि दादरी येथे वीजकेंद्रे झाली; परंतु इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेर येथे शहरी गॅस देण्यासाठीची अवंतिका गॅस कंपनी २००६ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, निघाली. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचक भगिनींनी बडोद्याच्या बहिणींचा इतकी वर्षे हेवा केला असेल तर तो सकारण होता. आणि महाराष्ट्रातील पुष्कळांना वाटे की आमच्या समुद्रातला वायू आमच्या दारावरून परप्रांती का जावा? घटनेच्या २९७ व्या कलमाने समुद्राखालील संपत्ती संपूर्ण देशाची ठरविली आहे, हे त्याचे उत्तर. आम्हा परप्रांतात रुजलेल्यांना ते पटण्यास जड जात नाही. जन्मभूमीपासून दूर जाऊन तेथल्या घरच्या उपयोगी पडण्यात कमीपणा नसतो.

परतताना कवासला थांबलो. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे हे केंद्र १९९२-९३ च्या सुमारास पुरे झाले. येथील यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. कोळशाच्या केंद्रात इंधन जाळून पाणी उकळतात आणि वाफेने चक्र फिरवितात. येथे वायू विमानाच्या इंजिनासारख्या यंत्रात जळतो आणि त्या तप्त झोतानेच चक्र फिरते. अशी १०६ मेगावॉटची चार यंत्रे आहेत. काम करून बाहेर पडणारा झोत अजून पाचशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो तसाच चिमणीतून न सोडता त्याच्यावर पाणी उकळतात आणि त्या वाफेवर ११६ मेगावॉटची आणखी दोन चक्रे चालतात. एकाच सरपणावर भात आणि उरलेल्या निखाऱ्यांवर वांगे भाजून घेणाऱ्या गृहिणीचीच ही हुशारी. म्हणून कोळशापेक्षा येथे त्याच उष्णतेतून अधिक वीज निघते, राख उरत नाही, आणि धूरही जवळजवळ दिसत नाही. एकूण क्षमता ६५६ मेगावॉट. भरूचजवळच्या झनोर-गंधार येथेही जवळजवळ एवढेच मोठे केंद्र आहे.

आम्ही गेलो त्या दिवशी कवास शांत होते. दालन झाडूनपुसून लख्ख, यंत्रांवर धूळ नाही, माणसे आपापल्या जागी. फक्त आवाज नव्हता. "चालवायला सांगितलं की चालवतो," एवढेच तेथील एका तरुण अभियंत्याने सांगितले. मोठ्या वाड्यात सणाची भांडी घासूनपुसून फळीवर मांडून ठेवावीत आणि सणच येऊ नये, तसे काहीसे वाटले.

याचे कारण वाटणीत आहे. देशात निघणारा वायू आपल्या गरजेच्या जेमतेम निम्मा. बाकीचा गोठवून परदेशांतून आणावा लागतो आणि त्याचा भाव बहुधा पुष्कळ चढा असतो. तो जाळून केलेली वीज महाग पडते. घेणारा कोणी नसतो. देशी वायूचा भाव सरकारी सूत्राने ठरतो म्हणून तो सर्वांनाच हवा. २०१४ मध्ये सरकारने ठरविले की घरगुती नळ आणि वाहने यांना देशी वायू आधी मिळावा. त्यामुळे आपल्या चुली निर्धास्त झाल्या आणि वीजकेंद्रांची वाटणी आटली. देशात वायूवर चालणारी वीस हजार मेगावॉटच्या आसपास क्षमता उभी आहे, आणि देशातल्या शंभर युनिट विजेपैकी वायूची युनिटे मात्र दोन-तीनच.

गाडीत बसल्यावर आमच्यातील हिशेबी गृहस्थांनी कागदावर ढोबळ गणित मांडले. एका कुटुंबाला स्वयंपाकाला दिवसाकाठी साधारण अर्धा घनमीटर वायू लागतो. कवास पूर्ण क्षमतेने दिवसभर चालवावयाचे तर सुमारे ३० लाख घनमीटर लागतील. म्हणजे कवास एक दिवस पुरे चालले तर साठ लाख घरांच्या चुलींचा त्या दिवसाचा वायू जळतो. उलट, तेवढ्याच वायूतून दीड कोटीच्या आसपास युनिटे वीज होते आणि तीवर किती विहिरींचे पंप, किती शाळा, किती इस्पितळे चालतील! दोन्ही बाजू खऱ्या आहेत. सरकारने चुलीची बाजू घेतली आणि आम्हाला तो निर्णय योग्यच वाटतो. पण आपली ज्योत कवासच्या शांततेतून जळते, एवढे भान तरी आपण ठेवावे.

आणि कवासचा उपयोग संपला असेही कोणी समजू नये. आजकाल दुपारी सूर्यापासून मुबलक वीज मिळते; संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, थंड हवेची यंत्रे सुरू होतात. कोळशाच्या केंद्राला थंड स्थितीतून उठायला तासन्तास लागतात. वायूचे यंत्र थोड्या वेळात सज्ज होते. २०२४ च्या मे आणि जून महिन्यांत उष्म्याने विजेची मागणी फार चढेल म्हणून सरकारने वायूवरील केंद्रांना चालण्याचा आदेशच दिला होता. घरातली म्हातारी माणसे एरवी कोपऱ्यात बसलेली दिसतात, पण अडचण आली की त्यांनाच हाक मारावी लागते, त्यातला हा प्रकार. कवासच्या वसाहतीत २०२३ च्या जानेवारीपासून आणखी एक प्रयोग चालू झाला: सूर्याच्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढून तो घरगुती वायूत थोड्या प्रमाणात मिसळावयाचा. उद्याच्या चुलीची ही नांदी असू शकेल.

कारण वसईचे भांडार अक्षय्य नाही. १९८८ पासून ते वाहते आहे. आता त्याचा आपला दाब उतरला असून समुद्रातच यंत्रे बसवून वायू ओढून घ्यावा लागतो. जो वायू साठवता येत नाही आणि जो पुन्हा तयार होण्यास लाखो वर्षे लागतात, त्याची बचत एकाच ठिकाणी होऊ शकते: तो जळतो तेथे. भांड्याच्या कडेने वर येणारी ज्योत, झाकण न ठेवता उकळणारी डाळ, बोलत बसल्यामुळे तसाच चालू राहिलेला शेगडीचा नळ, हे सारे वसईहून इतक्या लांब आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत लावणे होय.

बडोद्याकडे येताना सांज झाली. रस्त्याच्या कडेने शेतांत ठरावीक अंतरावर पिवळे खुंट रोवलेले दिसत होते. खाली वायूचा नळ आहे, खोदू नये, अशी त्यावर सूचना असते. १९६२ च्या कायद्याप्रमाणे नळाखालची जमीन शेतकऱ्याचीच राहते. तो तेथे कापूस लावू शकतो, तूर लावू शकतो. मात्र झाड लावू शकत नाही आणि घर बांधू शकत नाही. एका खुंटाला वळसा घालून कोणी शेतकरी नांगर धरून चालला होता. त्याच्या पायांखालून त्या वेळी वसईचा वायू उत्तरेकडे जात असेल. घरी त्याची चूल बहुधा सिलिंडरवर पेटत असावी, कदाचित काटक्यांवरही. त्याच्या शेतातून गेलेल्या वायूवर आमचा चहा होतो. त्याने त्या जागेवर झाड लावले नाही म्हणून आमच्या ओट्यावर ज्योत आहे.